कमलच्या घरी होशेय

किस्से शोधायला आम्ही जात नाही. दर गुरुवारी दुपारी शिनोलीत आम्हा बायकांची प्रार्थना असते. तिथं बायबल उघडलं की वाद, आणि वाद झाला की किस्सा तयार! मी शाळा पाहिली नाही, अक्षरं याच पुस्तकात जुळवली. त्यामुळे वादात मी मागं नसते.

सध्या संदेष्ट्यांचं, म्हणजे देवाचा निरोप आणणाऱ्यांचं, वाचन चाललंय. त्यातच आमच्या कमलच्या लेकीनं, रूथनं, घरी न विचारता लग्न केलं, भीमाशंकरला प्रसादाचं दुकान असलेल्या पोराशी. कमलनं सांगून टाकलं, "माझं दार तिला कायमचं बंद!" मग संदेष्टा कुठलाही असो, गाडी रूथवरच यायची.

*

गारपीट झाली त्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब सभेत म्हणाले, "आज्ञा मोडली की देव अशा गारा पाडतो."

मी म्हटलं, "निरगुडसरला तुमच्या भावाचा टोमॅटोही आडवा झाला. त्यानं काय मोडलं?"

साहेबांच्या आधी त्यांची बायकोच बोलली, "प्रवचनात घोरतो की तो!"

*

योना संदेष्ट्याची तर गंमतच. देवानं निनवे शहराला जाऊन ताकीद दे म्हटलं, हा गडी उलट्या दिशेच्या जहाजात! माशानं गिळून परत ओकला तेव्हा कुठं गेला. निनवेचे लोक सुधारले, देवानं माफ केलं, तर हाच फुगून बसला!

मी म्हटलं, "देवाचा राग उतरतो, देवाच्या माणसांचा उतरत नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "आजी, तुम्ही निनवेत असता तर योना परत माशात शिरला असता!"

लई हसलो. कमल तेवढी हसली नाही.

*

बाहेर पडताना तिनं मला गाठलं. "मावशी, देवानं शहरं जाळली, लोकं देशोधडीला लावली. ते नाय वाचलं तुमी?"

"सगळं वाचलंय! पण त्याच्या पुढचं पान कुणी वाचायचं? देव दाराला कुलूप लावून कायमचा बसलाय, असं कुठं सापडलं तर मला दाखव!"

पुढचे दोन गुरुवार ती माझ्याशी बोलली नाही. नको बोलू दे!

*

मग पाळीनं सभा कमलच्या घरी आली. आमचा रिवाज असा, की प्रार्थना चालू आहे तोवर दार सताड उघडं, येईल त्यानं यावं. शेवटचं आमेन घरवालीनं म्हणायचं, की सभा उठली अन् दार लागलं.

त्या दिवशी होशेय संदेष्ट्याचं पुस्तक होतं. कमल वाचत होती, देव म्हणतो, लेकराला मीच चालायला शिकवलं, हाताला धरलं... तेवढ्यात रूथ आत आली!

"तुला दार बंद हाय म्हनलं व्हतं ना?"

"तुझ्या घरी न्हाई आले, आई. प्रार्थनेला आले."

पोरगी भिंतीला टेकून बसली. कमलनं बोट ओळीवर ठेवलं आणि पुढं वाचलं. याला मी कसं सोडून देऊ, असं देव म्हणतो ती ओळ आली. पदर डोळ्याला लावून ती तिनं दोनदा वाचली.

आम्ही आमेनची वाट बघतोय, कमलनं पान उलटलं. होशेय संपला. पुढचा संदेष्टा योएल, तोही संपला. आमोस लागला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं.

शेवटी शेजारची शेवंता म्हणाली, "कमल, म्हशी धारेला खोळंबल्यात गं. आमेन म्हन की!"

कमलनं मान वर केली नाही.

"ज्याला जायचं त्यानं जावा. माझं अजून लई वाचायचं ऱ्हायलंय."