आपल्या नावाचा पॉइंट

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की जुने फोटो डिलीट करता येतात. किस्से करता येत नाहीत, ही खरी अडचण! आमच्या रविवारच्या ग्रुपने सहा वर्षांत सी लिंकचे किती फोटो काढले असतील देव जाणे. पण चहाला बसलं की फोटो कोणीच मागत नाही. "अरे सुनील, ते बोंबलाचं सांग ना!" अशी फर्माईश होते, आणि फोटो बिचारे मोबाईलमध्येच राहतात.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघंच. मुलुंडचे नेने, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, ग्रुपचे संस्थापक आणि हेडमास्तर. जोगेश्वरीचा तावडे, धंदा लिफ्टदुरुस्तीचा, वडील गिरणीत होते, गाव कणकवलीकडे. कांदिवलीच्या सुलभाताई परब, टेलिफोन खात्यातून निवृत्त. आणि अंधेरीचा मी, ज्याच्या फोटोत क्षितिज नेहमी डावीकडे कलतं.

विषय एकच, सी लिंक. "हजार गोष्टींचा एकेक फोटो कोणीही काढतं. एका गोष्टीचे हजार काढून दाखवा," असं नेने म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. ज्याला नवीन जागा सापडेल, त्याचं नाव त्या जागेला द्यायचं आणि नेन्यांच्या लाल वहीत लिहायचं, ही ग्रुपची पद्धत. अटी तीन. पुलाचे मोठे मनोरे आणि तारा फोटोत पूर्ण दिसल्या पाहिजेत. जागा सार्वजनिक हवी, वॉचमनला पटवून गच्चीवर चढलेलं चालणार नाही. आणि शोधणारा सोडून ग्रुपपैकी आणखी कोणीतरी तिथे स्वतः जाऊन खात्री केली पाहिजे.

वहीत नेने पॉइंट तीन, तावडे पॉइंट दोन आणि माझा एक. सुलभाताईंचा एकही नाही! आणि यंदा दिवाळीनंतर त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती. नवीन फ्लॅट मिळेपर्यंत मुक्काम मुलीकडे, नाशिकला. बिल्डर तीन वर्षं म्हणाला होता. म्हणजे पाच धरा.

"जायच्या आधी वहीत नाव पाहिजे," सुलभाताईंनी जूनमध्येच जाहीर केलं. "मेहेरबानी नको. नियमात बसून पाहिजे."

*

दुसरी अट आली ती तावडेमुळे.

लिफ्टवाल्याला मुंबईत कुठलीही गच्ची बंद नसते. प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये हा पठ्ठ्या पाना हातात घेऊन थेट वर पोचला. समोर अख्खा पूल! कॅमेरा काढतोय तोच सोसायटीचे सेक्रेटरी मागून आले.

"कोण तुम्ही?"

"लिफ्ट चेक करतोय," तावडे म्हणाला.

सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "अहो, देवासारखे आलात! पाऊण तास झाला, चौदाव्या मजल्यावर अडकलीय. आत तिघं आहेत!"

सूर्य मावळला तेव्हा तावडे मशीन रूममध्ये ग्रीसने माखून बसला होता. तिघं सुखरूप बाहेर आले. त्यात एक आजी होत्या, त्यांनी तावडेच्याच कॅमेऱ्यावर तावडेचा फोटो काढला. "सी लिंकपेक्षा बरा आलाय," असं नेने म्हणाले आणि वहीत दुसरी अट लिहून मोकळे झाले.

*

आता बोंबलाचं.

नेने आधी गणित करतात, मग फोटो काढतात. सूर्य कुठे, किती वाजता, भरती किती, सगळं ॲपवर. एका रविवारी त्यांनी ठरवलं की वरळी कोळीवाड्यात अमुक ठिकाणी उभं राहिलं की सूर्य बरोबर दोन मनोऱ्यांच्या मधोमध बुडणार. मोबाईल पुढे धरून ते चालायला लागले, मागून आमची वरात. मोबाईल म्हणाला, पोचलात. समोर पूल नव्हता. बोंबील होते!

बांबूची उंच वलांडी आणि तिच्यावर शेकडो बोंबील वाळत घातलेले. खाली पाटावर एक कोळीणकाकू. नेने शाकाहारी, त्यांनी आधी रुमाल काढला, मग आवाज मृदू केला.

"बाई, ही वलांडी दहा मिनिटांसाठी जरा बाजूला घेता येईल का? मागे पूल आहे."

काकूंनी त्यांना आपादमस्तक बघितलं. "वलांडी आधीची हाय. पूल मागनं आला. पूल सरकवा!"

तावडे हसून हसून वाळूत बसला. नेने मात्र मानी माणूस. त्यांनी बोंबलांच्या फटीतून फोटो काढला, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसातला तोच सगळ्यात चांगला आला. घरी नेनेवहिनींनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "शर्टाला वास येतोय तो ह्याचाच का?"

*

माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांचंच सांगतो.

अंधेरीत आमच्या घराजवळ गिल्बर्ट हिल आहे, उभा काळा कातळ आणि वर देवीचं देऊळ. तिथून सी लिंक दिसतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. सकाळी सगळे पायऱ्या चढून वर आले. हवा धुरकट, पण दूर दक्षिणेला दोन मनोरे आणि तिरप्या तारा! सुलभाताईंच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नव्हत्या, तरी त्यांनी साठेक फोटो काढले. "सुनील, ही जागा मी पहिल्यांदा क्लिक केली हं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, घ्या, तुमच्या नावावर!

शेजारी देवीच्या दर्शनाला आलेले एक आजोबा आमच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "कसले फोटो?"

"तो पूल दिसतोय ना, त्याचे."

आजोबांनी डोळ्यांवर हात धरून तिकडे बघितलं. मग म्हणाले, "मी रोज येतो. परवा तो उलट्या बाजूला तोंड करून होता."

घरी जाऊन फोटो मोठा केला. बांधकामावरच्या दोन क्रेन! आणि एकीच्या केबिनबाहेर निळा टॉवेल वाळत घातलेला. सुलभाताई फोनवर फक्त "असू दे रे" म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

*

एकदा वांद्र्याच्या किनाऱ्यावर सिक्युरिटीवाल्याने आम्हाला अडवलं. कॅमेरा चालेल, ट्रायपॉड चालणार नाही. का चालणार नाही हे त्यालाही माहीत नव्हतं, पण ऑर्डर होती. नेन्यांना पाण्याचा रेशमी पोत हवा होता, म्हणजे कॅमेरा दोन-चार सेकंद अजिबात हलता कामा नये.

"तावडे, जरा वाक," नेने म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा त्याच्या पाठीवर ठेवला. तावडे गुडघ्यांवर हात टेकून श्वास रोखून उभा. सिक्युरिटीवाला दोन मिनिटांनी परत आला. त्याने नेन्यांकडे बघितलं, तावडेकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "अंकल, ये वाला स्टँड भी फोल्ड करो."

*

गणपती झाले, नवरात्र आलं. सुलभाताईंनी तोपर्यंत सात जागा आणल्या होत्या आणि सातही बाद झाल्या. एका पादचारी पुलावरून झकास दिसत होतं, पण आम्ही खात्री करायला गेलो त्याच आठवड्यात समोर भलंमोठं होर्डिंग उभं राहिलं. त्यावर एक नटी कूकर हातात घेऊन हसत होती. एका बागेतल्या बाकावरून मनोरे दिसत होते, तारा झाडात. नेन्यांनी मान हलवली.

"काय नेनेनू, एक झाड कापून टाकलं असतं तर बसलं असतं ना नियमात? मग मरांदे ता झाड, लिवा नाव!" तावडे तापला.

"नियम म्हणजे नियम," नेने म्हणाले. पण वही बंद करताना त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी बघितलं.

त्या दिवशी चहाला तावडेने भलतंच केलं. "ताई, माझे दोन पॉइंट आहेत. एक तुम्ही घ्या ना. काय फरक पडतो?"

सुलभाताईंनी कप खाली ठेवला. "तावडे, तुझं मन चांगलं आहे म्हणून शिवी देत नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे कॉल जोडून दिले रे. पलीकडे कोण बोलतंय, कशाला बोलतंय, मला काय त्याचं! आता एक तरी गोष्ट माझ्या नावावर हवी. आंदण नको."

बिल मी दिलं.

*

आणि आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगतो, रिक्षावाल्यालाही सांगून झालाय.

दिवाळीच्या आदल्या रविवारी आम्ही माहीमला किनाऱ्याजवळ भटकत होतो. सुलभाताईंचं सामान बांधून झालं होतं, त्यांचा हा शेवटचा रविवार. पाच वाजता त्या म्हणाल्या, "जरा जाऊन येते," आणि गल्लीतल्या सार्वजनिक शौचालयाकडे गेल्या. दुमजली इमारत, पुरुषांचं खाली, बायकांचं वर. बाहेरून लोखंडी जिना.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. नेने घड्याळ बघायला लागले. एवढ्यात वरून हाक आली, "नेने! सापडला!"

वर बायकांची रांग लागते ती एका उघड्या गॅलरीत. सुलभाताई त्या रांगेत उभ्या होत्या, आणि समोर, दोन इमारतींच्या मधून, अख्खा सी लिंक! मध्ये ना होर्डिंग, ना झाड, ना वायर. त्यांनी खाली येऊन कॅमेऱ्यावर दाखवला तेव्हा नेन्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. वरच्या शौचालयाची व्यवस्था बघणाऱ्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "गॅलरीत काढा फोटो, आत कॅमेरा नाय. आमी तर रोजच बगतो. कोनी विचारलंच नाय!"

तावडे नाचायलाच लागला. पण नेने गंभीर झाले. पूल पूर्ण, मान्य. जागा सार्वजनिक, मान्य. "पण तिसरी अट? ग्रुपपैकी दुसऱ्या कोणी जाऊन खात्री करायची?"

आम्ही तिघांनी जिन्याच्या पाटीकडे बघितलं. फक्त महिलांसाठी.

सुलभाताईंनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. परवा त्यांची गाडी होती. नेन्यांनी खिशातून फोन काढला आणि बाजूला जाऊन हळू आवाजात बोलले. नेनेवहिनी, ज्या सहा वर्षांत एकदाही आमच्याबरोबर आल्या नव्हत्या, ज्यांच्या मते आम्ही चौघं ठार वेडे आहोत, त्या नेमक्या दादरला फराळाचं सामान घेत होत्या. पंचवीस मिनिटांत टॅक्सीतून उतरल्या. नेन्यांनी तिथल्या तिथे त्यांना ग्रुपची सभासद केलं, पाचवी.

"कुठे चढायचंय?" वहिनींनी विचारलं. त्यांनी चकलीच्या भाजणीची पिशवी माझ्याकडे दिली, पर्स नेन्यांकडे, आणि सुलभाताईंनी आपली पर्सही नेन्यांच्याच खांद्याला अडकवली. दोघी वर गेल्या.

सूर्य खाली येत होता. आम्ही तिघं रस्त्यावर माना वर करून उभे. आम्हाला भिंत दिसत होती. वरून मधूनमधून "अगंबाई!" ऐकू येत होतं, आधी एकीचं, मग चार-पाच जणींचं. कोणी आत जायला तयार नव्हतं, रांग पुढे सरकतच नव्हती.

शेवटी वहिनी कठड्याशी आल्या. डोळे चमकत होते. "अहो, लिहा!"

नेन्यांनी दोन पर्स सावरत लाल वही उघडली. वरून सुलभाताईंचा आवाज आला, "पूर्ण नाव लिहा! आणि वाचून दाखवा!"

"सुलभा परब पॉइंट," नेन्यांनी वाचलं.

"ऐकू नाय आलं!" व्यवस्थेच्या बाई ओरडल्या, आणि मागे अख्खी रांग हसली.

तीस वर्षं बँकेत ज्या माणसाचा आवाज कधी चढला नाही, तो माणूस बायकांच्या शौचालयाखाली, दोन खांद्यांना दोन पर्स अडकवून, भर रस्त्यात ओरडला, "सुलभा परब पॉइंट!"

वडापाववाला थांबला, समोरच्या खिडक्या उघडल्या. वर टाळ्या सुरू झाल्या. आणि नेन्यांनी वही आणखी उंच धरून तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं!