मुलीच्या नंबराला भाग जात नाही

मुलीचं लग्न आष्ट्यात ठरलं आणि दहा आकड्यांवर अडलं. मुलं एकमेकांना पसंत होती, पत्रिकाही जुळली. पण होणाऱ्या व्याह्यांनी तिच्या मोबाइल नंबरातल्या आकड्यांची बेरीज केली. ती आली त्रेपन्न. पाच आणि तीन आठ. आठ म्हणजे शनी. त्यांच्या घरचे फोन, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या नंबरांची बेरीज शेवटी नऊच येते. मुलीने नंबर बदलावा, मगच सुपारी फोडू, असा निरोप आला.

मुलगी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. निम्म्या तालुक्यातले शेतकरी तिला त्याच नंबरावर फोन करतात. बदलणार नाही, एवढं सांगून ती जेवायला बसली. डोकं फिरलं ते माझं. सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं ते काय यासाठी? मी तिचा नंबर कागदावर घेऊन भागायला बसलो. सात, अकरा, तेरा, सतरा... दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुलीनेच लॅपटॉपवर क्षणात पाहून सांगितलं, की ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. मी जाऊन पेढे आणले. बायकोला वाटलं, तिकडून होकार आला.

रविवारी आम्ही तिघं आष्ट्याला गेलो. व्याह्यांना मी फळ्याशिवाय शिकवलं. बेरीज नऊ आली, की त्या संख्येला नवाने भाग जातोच. म्हणजे तुमच्या प्रत्येक नंबराचे सरळ नऊ वाटे पडतात. भावाभावांत नुकतीच वाटणी झालेली, त्यांचा चेहरा पडला. मग मी हुकमाचं पान टाकलं. आमच्या मुलीचा नंबर कुणाच्या बापाला भागता येत नाही, म्हटलं.

व्याह्यांनी जरा विचार केला. "म्हंजे कुणाचंच ऐकायचं न्हाई, असला नंबर हाय ह्यो? मग तर बदलाच, सर."

एकतीस वर्षांत मूळ संख्या इतकी मनावर घेणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

तेवढ्यात विहीणबाई फोन घेऊन आतून आल्या आणि मुलीशेजारी बसल्या. "हाय त्योच सांग, बाळ. आमचा ऊस पिवळा पडलाय, ह्यांच्या बेरजंनं हिरवा हुईना."

मुलीने दहा आकडे सावकाश सांगितले. व्याह्यांनीही खिशातून फोन काढला आणि मुकाट्याने उतरवून घेतले. सुपारी त्याच दुपारी फुटली.

परतताना मुलीने विचारलं, "बाबा, माझ्या नंबराला सातने भाग गेला असता तर?"

मला गाडी चालवू दे, म्हणालो. लाज वाटत होती. भाग गेला असता, तर मीच तिला म्हणालो असतो, बदल की गं, त्यात काय एवढं.