बुढा बोडीकडे जाऊन राहिला

बुढा बोडीकडे निघाला होता आणि फोनवरची पोरगी मला विचारत होती, "आजी, बोडी या कोण?"

"बोडी कोन नाही वो बाई. तलाव! लहान तलाव, घरामागचा!"

"बरं. मग आजोबांचं काय झालं?"

"बुढा बोडीकडे जाऊन राहिला."

"कधीपासून राहिलेत तिथं?"

"राहिला नाही! जाऊन राहिला!"

ती आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "आजी, म्हणजे गेले का ते?"

"मरायले जाऊन राहिला, म्हणून राहिली ना मी तुले!"

"अरेरे. आजी, आधी तुम्ही खाली बसा बरं. घरात तुमच्याजवळ कुणी आहे का? तुमच्या दुःखात आम्ही..."

"कायचं दुःख? मेला नाही अजून! काठी टेकत चालून राहिला, दिसून राहिला मले!"

पुढे मी तिला एक शिवी दिली. ती तिला समजली नाही, हे बरं झालं.

पोरगी पुण्याकडची असावी. आमच्या भंडारा जिल्ह्यात 'जाऊन राहिला' म्हणजे जातो आहे. तिच्याकडे त्याचा अर्थ, गेला आणि तिथंच राहिला. दिवस धान कापणीचे, भर दुपार, सारं गाव शेतात. गल्लीत मी, दोन कोंबड्या आणि हातात हा फोन. पुढे माझा नवरा.

मला कसं कळलं ते सांगते. त्या सकाळी त्यानं आपलं जाळं पुतण्याला देऊन टाकलं. आम्ही मासोळ्या धरणारी माणसं. जाळं आम्ही उसनं देतो, देऊन टाकत नाही. तरी मी म्हटलं, डोळे गेले, आता जाळ्याचं करेल काय. मग दुपारी तो चुलीजवळ आला आणि म्हणाला, "माह्याकडून काही चुकलं असन तर माफ कर वं."

मी हातातली सांडशी खाली ठेवली. या माणसानं जन्मात कधी माझी माफी मागितली नव्हती. एकदा बैलगाडीचं चाक माझ्या पायावरून नेलं, तेव्हाही म्हणाला होता, "तू मधात काहून आली?" असा माणूस आपणहून माफी मागतो म्हणजे नक्की काहीतरी बिघडलं. मग तो एकटाच बोडीकडे निघाला आणि मी फोन लावला.

काचबिंदूनं त्याची नजर हळूहळू नेली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली येत नाही, उरलेली सांभाळा. तेव्हापासून तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. वाढलं तर खायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. भांडायचाही नाही. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, शहाणा झाला.

आणि फोनचा नंबर मला पाठ होता तो भांडणामुळे. सरकारच्या पेंटरनं आमची रस्त्याकडची भिंत पाहिली आणि मला न विचारता तिच्यावर लिहून टाकलं, मन उदास आहे का? बोला. खाली हा मोठा नंबर. आता ती भिंत माझी गोवऱ्या थापायची. ऊन तिच्यावरच चांगलं पडतं. मी थापल्या. गावात औषधगोळ्या वाटणारी आशा वर्कर आली आणि तिनं काढल्या.

"काकी, सरकारचा नंबर हाये तो."

"मंग सरकारले म्हणा, गोवऱ्या कुठी थापू ते बी लिहून दे."

मी पुन्हा थापल्या, तिनं पुन्हा काढल्या. शेवटी तोड निघाली. नंबर उघडा राहील, वरच्या अक्षरांवर गोवऱ्या राहतील. त्यामुळे गावात नवीन माणूस आला की त्याला नुसता नंबर दिसायचा, कशाचा ते कळायचं नाही. एकानं लावून गाईचं दूध आहे का विचारलं म्हणतात. पण रोज थापताना तो नंबर माझ्या नाकासमोर असायचा. मी चौथीपर्यंत शिकले. आकडे कधी विसरले नाही.

तर मी म्हटलं, 'दिसून राहिला मले', आणि तिथं त्या पोरीचा आवाज बदलला.

"आत्ता दिसताहेत? मग फोन बंद करू नका. त्यांच्याजवळ जा. ओरडू नका, एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा, जीव द्यायचा विचार करताय का."

"असं तोंडावर? तसं विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात नाही का येणार?"

"नाही आजी. विचारल्यानं वाढत नाही. विचारलं की माणूस बोलतो."

जन्मभर सगळ्यांनी मला सांगितलं, जरा आडून बोलत जा, तोंडाला आवर घाल. सरळ विचार म्हणणारी ही पहिली. मी पदर खोचला आणि चालायला लागले. त्याला दिसत नाही, तरी चालतो जोरात. बोडीच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या चढावर मी त्याला गाठलं आणि आधी त्याची काठी धरली.

"अवो, जीव द्यायले जाऊन राहिले का तुम्ही?"

तो थांबला. माझ्याकडे न वळता म्हणाला, "हळू बोल. लोकं ऐकतीन."

"लोकं धानात हाये. सांगा."

"हो," तो म्हणाला.

मला वाटलं होतं नाही म्हणेल, तुला काय करायचं म्हणेल. एवढ्या साध्या आवाजात हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी तिथंच मातीत बसले. काठी माझ्या हातात होती, म्हणून त्यालाही बसावं लागलं.

मी फोनचा आवाज मोठा केला.

"बाबा, नमस्कार," पोरगी म्हणाली. "कसे आहात?"

"बेस हाये," बुढा म्हणाला. "तुम्ही कशा आहा?"

आमच्याकडे परक्यानं विचारलं तर याला दुसरं उत्तर नाही. साप चावलेला माणूसही आधी बेस म्हणेल, मग पाय दाखवेल.

"खोटं बोलून राहिला हा!" मी ओरडले. "आत्ता मले हो म्हणाला!"

"आजी, तुम्ही थोडं थांबा. बाबा, आज जेवलात का?"

"नाही जेवलो."

"का बरं?"

तो बोटांनी माती चाचपत बसला. पोरीनं पुन्हा विचारलं नाही. तिला बहुतेक पगार गप्प राहण्याचाच असावा. मग तो म्हणाला, "ही मासोळीचे काटे काढून देते मले."

"म्हणजे?"

"जन्मभर मासोळ्या धरल्या मी, बाई. जाळं पाण्यात असतानाच सांगत होतो, कोनती मासोळी लागली ते. आता ही ताटात काटे काढून देते, लहान लेकराले देते तशी. घास गळ्याखाली जात नाही माह्या. कायच्या कामाचा राहिलो मी?"

मला वाटत होतं मी सेवा करते आहे. नख दुखेपर्यंत बारीक काटे काढत होते मी. काहीतरी सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्या पोरीनं तिकडून न पाहताच ओळखलं.

"आजी, थांबा."

मी थांबले. मग बुढ्याला कंठ फुटला. मी त्याच्या चपला जागेवरून हलवते. मी खाटेची दिशा बदलते आणि तो भिंतीवर आपटतो. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, याचे डोळे गेले. मी त्याला न विचारता दाढी करणाऱ्याला बोलावते. मी झोपेत घोरते. घोरण्याचा आणि डोळ्यांचा संबंध काय ते मला अजून कळलं नाही, पण तो सांगत होता आणि पोरगी हं, हं करत होती. माझ्या नवऱ्यानं माझ्याविरुद्ध एवढं मोठं भाषण कधी कुणासमोर केलं नव्हतं. फोन सरकारचा, फुकट, म्हणून लांबलाही बराच. शेवटी तो म्हणाला, "आता बोलून बोलून भूक लागली."

पोरीनं दोघांकडून वचन घेतलं. त्यानं आज काही करायचं नाही आणि पुन्हा तसं वाटलं तर मला सांगायचं. मी त्याला एकटं सोडायचं नाही आणि घरातली फवारणीची औषधं दुसऱ्याकडे ठेवायची. आणि दोघांनी आशाकडे जायचं. आम्ही घरी न जाता आधी आशाकडेच गेलो. तिनं भात वाढला. मासोळी नव्हती, वांगं होतं.

संध्याकाळी शेजारचे भाऊजी आले. गावात कुणाचं काही झालं की सल्ला देणारे तेच. दार लावून घेऊन म्हणाले, "वहिनी, बोभाटा करू नका. पोलीस केस होते."

आशा तिथंच बसली होती. "आता तसं नाही, भाऊजी. कायदा बदलला. माणूस त्रासात आहे म्हणून असं करते, त्याले शिक्षा नाही, इलाज द्या, म्हणते सरकार."

"सरकार काही बी म्हणते."

"कधी नाही ते बेस बोललं," मी म्हटलं, "तर ऐकून घ्या ना."

मनाचा डॉक्टर तालुक्याला, साकोलीला, ठरलेल्या वारी येतो. बुढा यायला तयार नव्हता. "मी पागल आहो काय?"

"पागल असता तर तुमच्या मायनं लग्नाच्या टायमालेच सांगितलं असतं," मी म्हटलं. "तिनं बाकी सगळं सांगितलं होतं."

साकोलीच्या बसमध्ये तो माझ्याशी बोलला नाही. दवाखान्यात त्या डॉक्टरच्या दारासमोर ही लांब रांग. अर्धी माणसं ओळखीची, आणि सगळी दुसऱ्याच्या कामानं आलेली. एक बाई जावेच्या गोळ्या घ्यायला आली होती, जाऊ सोबत नव्हती. एक मास्तर नुसता सावलीत उभा होता. आणि बाकाच्या टोकाला, टोपी डोळ्यांवर ओढून, आमचे भाऊजी.

"तुम्ही इकडे कुठी?" मी विचारलं.

"गुडघा दुखून राहिला."

"गुडघ्याची रांग तिकडे हाये."

"तिकडे गर्दी हाये," ते म्हणाले.

मी पुढे काही विचारलं नाही. मला सरळ विचारता येतं, पण रांगेत सगळे ऐकत होते. घरी येऊन एकट्यात विचारलं. त्यांचं उत्तर त्यांच्याकडेच राहू द्या. पुढच्या वेळेपासून आम्ही तिघं एकाच बसनं जायचो.

डॉक्टर तरुण होता. त्यानं बुढ्याला गोळ्या दिल्या, झोपेचं विचारलं आणि मला विचारलं, आजी, हे काय काय स्वतः करू शकतात? मी बोटं मोजायला लागले. तेवढ्यात बुढा म्हणाला, "मले विचारा ना." डॉक्टर हसला आणि त्याच्याकडे वळला.

त्यानंच सांगितलं, दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढा. त्यासाठी भंडाऱ्याला जावं लागलं. तिथं डोळे तपासायच्या खोलीबाहेर आमच्या पुढचा माणूस मोठ्यानं भिंतीवरची अक्षरं वाचत होता आणि हा कान देऊन ऐकत होता. शाळेत बुढा तिसरीत दोनदा बसला. परीक्षा म्हटली की त्याला अजून घाम फुटतो. आत गेला, स्टुलावर ताठ बसला आणि न थांबता धडाधड सगळी अक्षरं म्हणून दाखवली, वरपासून खालपर्यंत.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "वा बाबा. पण तक्ता मी कधीचा काढून ठेवला."

मी पदर तोंडात घातला. बाहेर आल्यावर त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "नापास केलं वं मले."

"अवो, इथं नापास झालं तरच पास होते. पास झाला असता तर हात हलवत परत."

तो हे मनात घोळवत राहिला आणि बसस्टँडवर एकदम हसला. किती महिन्यांनी हसला ते मी मोजलं नाही. सर्टिफिकेट पुढे आलं. नुसत्या कागदानं डोळे येत नाहीत, मनही भरत नाही. पण पांढरी काठी मिळाली, आणि तिच्या आधारानं तो मला चुकवून चहाच्या टपरीवर जायला शिकला. मी मागून जाते. त्याला माहीत आहे. दोघंही बोलत नाही.

मध्ये वाईट दिवसही आले. एकदा गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा भिंतीकडे तोंड. पण तेव्हा त्यानं स्वतः सांगितलं, "आज बेस नाही." आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा कुणी बोललं. मी चूल विझवली आणि त्याला आशाकडे नेलं.

काटे काढणं मी सोडलं. आता अख्खी मासोळी त्याच्या ताटात टाकते आणि गप्प बसते. तो बोटांनी चाचपत काटा शोधतो, काढतो, ताटाच्या कडेला लावतो. एक मासोळी खायला एवढा वेळ घेतो की माझं जेवून, भांडी घासून होतं. एकदा काटा घशात अडकला. भाताचा मोठा गोळा गिळून खाली लोटला आणि मलाच शिव्या दिल्या, मासोळी बारकी काहून आणली म्हणून. भांडायला लागला, म्हणजे बरा होत होता.

मधात त्या पोरीचा फोन आला. चौकशीसाठी करतात म्हणे. तेव्हा तो ताटावरच बसला होता.

"आजोबा काय करताहेत?"

"मासोळी खाऊन राहिला."

ती सावधपणे म्हणाली, "म्हणजे खाताहेत ना, आजी? आत्ता?"

"हो वो बाई. शिकली तू."

"आणि त्या दिवशी ते बोडीकडे..."

"त्या दिवशी तुह्यावालाच अर्थ बरोबर होता," मी म्हटलं. "गेला आणि राहिला."

बोडीकडे निघालेला माझा नवरा जिवंत आहे.