धुरा नाही, तर वावर एकच

मारेगावजवळच्या शाळेत मी नववीला गणित शिकवायला लागले तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. फळ्यावर माझं कधी अडत नसे. त्या दिवशी शून्य दशांश नऊ, पुढे नऊ, नऊ, कधीच न संपणारे नऊ असं लिहिलं. याला क्ष म्हणा, दहानं गुणा, त्यातून क्ष वजा करा. नऊ क्ष बरोबर नऊ, म्हणजे क्ष बरोबर एक. चार ओळींत काम फत्ते करून मी हात झटकले.

वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी उठली. "मॅडम, उत्तर तं आलं, पण मले पटत नाही. एकापेक्षा थोडंसं तं कमी राहीनच ना?"

"पटायचं काय त्यात? परीक्षेत लिही म्हणजे झालं," मी खेकसले. पोरं हसली. ती खाली बसली, आणि पुढचे आठ दिवस तिचा हात वर गेला नाही.

राग तिचा नव्हताच. मलाही ते कधी पटलं नव्हतं, नुसतं पाठ होतं. माझी झाकली मूठ सांभाळण्यापायी मी एक चांगली पोर गप्प केली होती. याची मला फार लाज वाटली. शेवटी एका सकाळी वर्गात सरळ सांगून टाकलं, "त्या गणितात मलाही थोडं कमीच वाटतं. चला, मिळून शोधू."

तीच उठली.

"मॅडम, दोन वावरं वेगळी असली तं मधात धुरा असते." वावर म्हणजे शेत, आणि त्याच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. "मंग नऊची रांग अन् एक, या दोघायच्या मधात एखादा आकडा बसाले पाहिजे. आठ दिवसांपासून शोधून राह्यली मी. एकाहून लहान कोणताही घ्या, नऊची रांग त्याच्या पुढं जातेच. धुराच नाही, तं वावर एकच."

मला वाटलं होतं तिनं नाद सोडला. ती तर शोधत होती. इतकी वर्षं पाठ असलेलं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तिचे उपकार मी आजही मानते.

दुसऱ्या दिवशी तिचा हात पुन्हा वर आला. "मॅडम, शून्यानं भागाकार काहून करत नाही?"

पाठ केलेलं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, खडू खाली ठेवला आणि तिच्या बाकावर जाऊन बसले.