पुडीत बांधलेला दीर

देवबागच्या जेसिंता डिसोझाने आपल्या होमस्टेचं अ‍ॅप भाच्याकडून, जेरीकडून करून घेतलं. त्याने खोल्यांची माहिती विचारली, तेव्हा तिने घरातल्या रुसव्याफुगव्यांसकट मन मोकळं केलं.

पहिले पाहुणे कोल्हापूरचे आले. चहा घेता घेता त्यांनी अदबीने विचारलं, "तीन नंबरच्या खोलीत तुमचे दीर बाबुश रुसून झोपतात ना? आज रुसलेत का?"

जेसिंता बशी ठेवून आत गेली. तिने जेरीला फोन लावला. "मेल्या, ह्या तेंका कोणी सांगला?"

"चुकलंय, मावशे. घरातली सगळी माहिती तशीच पाव्हण्यांच्या फोनार गेली. तेंका लागता तितक्याच काढून वेगळी पुडी बांधूक व्हयी होती."

जेरीने पुडी बांधली. तिच्यात खोली, भाडं आणि जेवण एवढंच ठेवलं. पण कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून ऐकून लोक फोन करून दिराचीच चौकशी करू लागले. दीर नाही म्हटल्यावर काहींनी बुकिंगही रद्द केलं. शेवटी जेसिंता वैतागली.

"जेरी, बाबुशाक पुडयेत घाल."

आता अ‍ॅपवर 'गरम पाणी'च्या खाली 'रुसलेले दीर' अशी सोय दिसते. बाबुश सकाळीच दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट चढवतो आणि पाहुण्यांची गाडी दिसली की तोंड फिरवून बसतो.