न कुरतडलेली जास्वंद

चकचकीत पान दिसलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. आमच्या काचघरात आबा राहतो. आबा म्हणजे इग्वाना, सरड्याचा थोरला भाऊ. त्याला हिरवळ हवी म्हणून मी नर्सरीतून जास्वंद आणली. पानं अशी तुकतुकीत, की एकालाही भोक नाही. बायको म्हणाली, "अहो, धुऊन तरी ठेवा."

"अगं, जंगलात कोण धुतं?" म्हणत मी कुंडी तशीच आत ठेवली.

संध्याकाळी पानं खाऊन आबा पाय पसरून पडला. डॉक्टर म्हणाले, "पानांवर औषध मारलेलं होतं. वाचला तर नशीब."

मी नर्सरीवाल्यावर फोनवरून ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, फवारल्याशिवाय अशी पानं येतात होय? किडीनं खाल्लेलं रोप तुम्ही घेतलं असतंत?"

नसतं घेतलं! संताप आहे तो याचाच. भोक म्हणजे कुणीतरी हे पान खाऊन जगल्याचा दाखला. आणि आम्ही दीडशहाणे नेमका तोच बघून नाक मुरडतो.

चौथ्या दिवशी आबा उठला. नवी जास्वंद मी धुऊन, माती बदलून महिनाभर गॅलरीत ठेवली आहे. आज बायकोनं हाक मारली, "अहो, अळी लागलीय, काढते हं!"

"हात लावशील तर खबरदार!" मी भडकलो. "तिला आधी पोटभर जेवू दे."