दादाच्या गाडीचे बुश

आपल्या कार ग्रुपमधले बरेच जण माझ्या दादाला ओळखायचे. उंची कमी करून लो केलेली ती लाल स्पोर्ट्स कार त्याचीच. तो गेल्यापासून गाडी डोंबिवलीला बिल्डिंगखाली उभी होती. आज सकाळी वहिनी म्हणाली, "भावजी, गाडी नीट करून घेऊया. आता मी चालवणार."

नवी बॅटरी टाकून आम्ही दोघांनी ती वर्तकनगरच्या गॅरेजला नेली. वळणावर गाडी मागून डुलत होती. मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन दाखवलं, मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं धरणारी चौकट, बॉडीला जोडणारे बुश फाटलेत.

मी लगेच म्हणालो, "पॉलीयुरेथेनचे टाका. दादाला तेच टाकायचे होते." ते कडक असतात. गाडी वळणावर घट्ट राहते, पण रस्त्याचा प्रत्येक हादरा आत येतो.

वहिनीने विचारलं, "आणि ओरिजिनलसारखे रबरी टाकले तर?"

"आवाज कमी, हादरे कमी," मेकॅनिक म्हणाला. "पण मग ती मजा नाही राहणार."

"रबरीच टाका. मागे चिनू बसणार आहे."

चिनू त्यांची मुलगी, अजून शाळेतही जात नाही. दादाची गाडी आता त्याची राहणार नाही, असं मला वाटलं.

मेकॅनिकने पुढे विचारलं, "ताई, मग हाईटपण वाढवून देऊ? स्पीडब्रेकरला खाली घासते."

वहिनीने गाडीकडे बघितलं.

"नको. तेवढी राहू दे त्यांनी केली तशी. मी हळू घेईन."

गेलेल्या माणसाची गाडी तुमच्यापैकी कुणी चालवतं का? तुम्ही तिच्यात काय बदललंत, आणि कशाला हात लावू दिला नाहीत?